क्लॉज की फ्रेज? आधी क्रियापदाचा काळ बघा

नाशिकच्या एका अभ्यासिकेत बसून स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या वाचकाचा इंग्रजी व्याकरणाबद्दलचा प्रश्न थोडक्यात असा आहे: “फ्रेजला पूर्ण अर्थ नसतो आणि क्लॉजला असतो, असं पाठ केलंय. मग ‘व्हेन द बस केम’ याला कुठे पूर्ण अर्थ आहे? तरी उत्तरसूचीत तो क्लॉज. ‘आफ्टर द मीटिंग’ फ्रेज आणि ‘आफ्टर द मीटिंग एंडेड’ क्लॉज, हे कशावरून? शब्द मोजायचे, अर्थ बघायचा की कन्जंक्शन शोधायचं?”

तिन्हींपैकी एकही नाही. तुमचा गोंधळ होतोय तो अभ्यास कमी पडतोय म्हणून नाही. पाठ केलेली व्याख्याच दोन वेगळे प्रश्न एका दावणीला बांधते. पहिला प्रश्न: हा शब्दसमूह क्लॉज आहे की फ्रेज? दुसरा: क्लॉज असेल, तर तो एकटा उभा राहू शकतो का? ‘पूर्ण अर्थ’ ही कसोटी दुसऱ्या प्रश्नाची आहे. तिने मेन क्लॉज आणि सबऑर्डिनेट क्लॉज वेगळे होतात. पहिल्या प्रश्नाला ती लावली की ‘व्हेन द बस केम’सारखं प्रत्येक उदाहरण चुकणारच.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर क्रियापदात असतं. शब्दसमूहात काळ दाखवणारं क्रियापद असेल आणि त्या क्रियापदाचा स्वतःचा कर्ता असेल, तर तो क्लॉज. यातलं एक जरी नसेल तर फ्रेज. ‘व्हेन द बस केम’ यात ‘केम’ भूतकाळ दाखवतं आणि ‘द बस’ त्याचा कर्ता आहे, म्हणून क्लॉज. अर्थ लोंबकळत राहतो तो ‘व्हेन’मुळे, आणि म्हणून तो सबऑर्डिनेट. ‘आफ्टर द मीटिंग’मध्ये क्रियापदच नाही, म्हणून फ्रेज.

लांबीचा तर काडीचाही संबंध नाही. ‘ही रॅन’ हे दोन शब्द क्लॉज आहेत. ‘इन द नॅरो लेन बिहाइंड द ओल्ड टेम्पल निअर द रिव्हर’ एवढी लांबलचक शेपटी मात्र फ्रेज, कारण तिच्यात क्रियापद नाही. ‘सिट डाउन’मध्ये कर्ता दिसत नाही, पण आज्ञार्थात ‘यू’ गृहीत असतो, म्हणून तोही क्लॉज.

(जाता जाता: शब्दकोशात ‘फ्रेज’समोर ‘वाक्प्रचार’ असंही दिलेलं असतं. व्याकरणातल्या फ्रेजचा त्याच्याशी संबंध नाही. ‘अंडर द टेबल’ हा नुसता जागा सांगणारा शब्दसमूहही फ्रेजच आहे. ‘वाक्यांश’ हा शब्द त्यातल्या त्यात बरा.)

आता ‘काळ दाखवणारं क्रियापद’ म्हणजे नेमकं काय, इथे खरा अडथळा आहे. सुदैवाने मराठी व्याकरणात हीच गोष्ट तुम्ही शाळेत शिकलेले आहात. ‘जेव्हा पाऊस थांबला तेव्हा आम्ही निघालो’ हे मिश्र वाक्य. ‘पाऊस थांबल्यावर आम्ही निघालो’ हे केवल वाक्य. अर्थ तोच, पण ‘थांबला’ हे पूर्ण क्रियापद आहे आणि ‘थांबल्यावर’ हे धातुसाधित. ‘थांबल्यावर’ला काळ नाही. ‘पाऊस थांबल्यावर निघालो’ आणि ‘पाऊस थांबल्यावर निघू’, दोन्हीकडे तेच रूप चालतं. ‘थांबला’ मात्र उद्यासाठी बदलून ‘थांबेल’ करावं लागतं. इंग्रजीत पूर्ण क्रियापदाला फायनाइट म्हणतात आणि धातुसाधिताला नॉनफायनाइट. नावं नवी, कल्पना जुनीच.

पण याच ठिकाणी मराठी माणसाची फसगतही होते. मराठीला धातुसाधितं फार आवडतात: आल्यावर, येताना, येऊन, येणारा, आलेला, यायला. बोलताना आपण ‘जेव्हा-तेव्हा’ क्वचितच वापरतो. इंग्रजी त्याच जागी बहुतेक वेळा अख्खा क्लॉज वापरते. ‘तो आल्यावर जेवू’ याचं सरळ इंग्रजी ‘वी विल ईट व्हेन ही कम्स’. मराठीत ‘आल्यावर’ला काळ नसतो, म्हणून डोकं म्हणतं की हा तुकडा किरकोळ, म्हणजे फ्रेज. त्यामुळे इंग्रजी वाक्याचं मराठी भाषांतर करून क्लॉज-फ्रेज ठरवू नका. इंग्रजी क्रियापदाकडेच बघा.

बघायचं कसं, त्यासाठी तीन कसोट्या आहेत. सगळ्या प्रत्येक वेळी लागत नाहीत.

सगळ्यात भरवशाची म्हणजे काळ फिरवून बघण्याची. वाक्य घ्या: ‘द मॅन हू लिव्ज इन सिन्नर इज माय अंकल.’ हे सगळं भूतकाळात ढकला. ‘हू लिव्ज’चं ‘हू लिव्ह्ड’ झालं, ‘इज’चं ‘वॉज’ झालं. दोन्ही बदलली, दोन्ही फायनाइट, म्हणून दोन क्लॉज. आता ‘द मॅन लिव्हिंग इन सिन्नर इज माय अंकल’ घ्या. भूतकाळात फक्त ‘इज’ बदललं, ‘लिव्हिंग’ जागचं हललं नाही. म्हणून ‘लिव्हिंग इन सिन्नर’ ही फ्रेज. मराठीत दोन्हींसाठी ‘सिन्नरला राहणारा’ हेच येतं, हे लक्षात घ्या. भाषांतर इथे काहीच सांगत नाही.

दुसरी कसोटी सर्वनामाची. ज्याला तुम्ही कर्ता समजताय त्याच्या जागी सर्वनाम ठेवून बघा. ‘ही’ बसलं तर क्लॉजची शक्यता, ‘हिम’ बसलं तर फ्रेज. ‘आय थिंक द बॉय इज ऑनेस्ट’मध्ये ‘आय थिंक ही इज ऑनेस्ट’ होतं, म्हणून ‘ही इज ऑनेस्ट’ हा क्लॉज. ‘आय सॉ द बॉय क्रॉस द रोड’मध्ये ‘आय सॉ हिम क्रॉस द रोड’ होतं. मुलगा रस्ता ओलांडतोय हे खरं, पण व्याकरणात तो ‘सॉ’चं कर्म आहे आणि ‘क्रॉस’ला काळ नाही. ‘ही क्रॉसेस’मधला शेवटचा ‘एस’ इथे येऊच शकत नाही. परीक्षेत हे वाक्य हमखास चकवतं.

तिसरी कसोटी ‘ईडी’ लागलेल्या रूपांसाठी. ‘द फार्मर एक्स्पोर्टेड ग्रेप्स’ आणि ‘द ग्रेप्स एक्स्पोर्टेड फ्रॉम नाशिक’, शब्द तोच. पहिल्यात ते भूतकाळाचं क्रियापद आहे, दुसऱ्यात ‘निर्यात केलेली’ अशा अर्थाचं धातुसाधित. डोळ्यांना फरक दिसत नाही, म्हणून त्या जागी असं क्रियापद ठेवायचं ज्याचं दुसरं आणि तिसरं रूप वेगळं आहे. ‘टुक’ आणि ‘टेकन’ ही जोडी कामाला चांगली. ‘द फार्मर टुक ग्रेप्स’ बसतं. ‘द ग्रेप्स टुक फ्रॉम नाशिक’ बसत नाही, ‘द ग्रेप्स टेकन फ्रॉम नाशिक’ बसतं. तिसरं रूप बसलं आणि पुढे-मागे हॅज, हॅव, हॅड, इज, वॉज यांसारखं काही नाही, की फ्रेज.

तुमच्या ‘मीटिंग’च्या उदाहरणाला हेच लावू. ‘आफ्टर द मीटिंग एंडेड’मध्ये मीटिंग संपली, म्हणजे कर्ता आणि भूतकाळ दोन्ही आले, क्लॉज. पण पेपर काढणारा खट्याळ असेल तर ‘आफ्टर द मीटिंग हेल्ड इन सिन्नर’ असं देईल. ‘हेल्ड’ दिसलं म्हणून क्लॉजवर खूण करू नका. मीटिंगने काही ‘धरलं’ नाही, ती ‘घेतलेली’ मीटिंग आहे. ‘हेल्ड’चं दुसरं आणि तिसरं रूप एकच असल्याने ‘मीटिंग’ऐवजी ‘डिसिजन’ ठेवून ‘टेकन’ लावा: ‘आफ्टर द डिसिजन टेकन इन सिन्नर’. तिसरं रूप आलं, म्हणून फ्रेज. क्लॉज हवा असेल तर ‘आफ्टर द मीटिंग वॉज हेल्ड’ असं ‘वॉज’ लागेल.

यावरून सहायक क्रियापदांचा नियमही सांगून टाकतो. ‘हॅज बीन वेटिंग’ अशी रांग असेल तर काळ फक्त पहिल्या शब्दात असतो. ‘हॅज’ फायनाइट, ‘बीन’ आणि ‘वेटिंग’ नाहीत. ती रांग एकच क्रियापद म्हणून मोजायची, तीन नाही. कॅन, कुड, मे, मस्ट, विल, शुड हे शब्दही फायनाइटच. ‘ही मस्ट’ला ‘एस’ लागत नाही आणि ‘मस्ट’चा भूतकाळही होत नाही, म्हणून इथे पहिली कसोटी अडते. पण यांपैकी एखादा शब्द दिसला की तो भाग क्लॉजचाच, एवढं लक्षात ठेवलं की भागतं.

आता कन्जंक्शनबद्दल. ‘कन्जंक्शन दिसलं की क्लॉज’ ही युक्ती अर्धवट चालते, कारण काही शब्द दोन्ही नोकऱ्या करतात. आफ्टर, बिफोर, सिन्स, अन्टिल आणि ॲज हे त्यातले नेहमीचे. ‘सिन्स मंडे’मध्ये ‘सिन्स’ शब्दयोगी अव्ययासारखं, म्हणून फ्रेज. ‘सिन्स ही लेफ्ट नाशिक’मध्ये ते उभयान्वयी, म्हणून क्लॉज. ‘ॲज अ टीचर’ फ्रेज, ‘ॲज ही इज अ टीचर’ क्लॉज. या शब्दाकडे बघून काहीच ठरत नाही. त्याच्या पुढचं क्रियापद शोधावं लागतं.

उलट काही जोड्या अशा आहेत की शब्द बघूनच निकाल लागतो. ‘बिकॉज’नंतर क्लॉज, ‘बिकॉज ऑफ’नंतर नाम. ‘ऑल्दो’नंतर क्लॉज, ‘डिस्पाइट’ आणि ‘इन स्पाइट ऑफ’नंतर नाम किंवा ‘आयएनजी’चं रूप. ‘ड्युरिंग’नंतर फक्त नाम, त्याचा क्लॉजवाला भाऊ म्हणजे ‘व्हाइल’. उत्तरपत्रिकांत सर्रास दिसणाऱ्या चुका इथल्याच आहेत: ‘इन स्पाइट ऑफ इट वॉज रेनिंग’, ‘ड्युरिंग ही वॉज स्लीपिंग’. फ्रेज मागणाऱ्या शब्दापुढे क्लॉज ठेवला की असं होतं. ‘इन स्पाइट ऑफ द रेन’ आणि ‘व्हाइल ही वॉज स्लीपिंग’ हे बरोबर.

लपलेल्या गोष्टी दोन प्रकारच्या असतात. एकीत कर्ता आहे पण ओळखू येत नाही. ‘हू लिव्ज इन पंचवटी’मध्ये कर्ता कुठे, असं विचारलं जातं. ‘हू’ हाच कर्ता आहे. ‘विच’ आणि ‘दॅट’ही तसेच. दुसरीत जोडणारा शब्दच गायब असतो. ‘द ग्रेप्स ही बॉट वेअर सावर’. इथे ‘ग्रेप्स’ आणि ‘ही’ यांच्यामध्ये ‘दॅट’ होता, तो गाळला. एका नामाला लागून लगेच दुसरा कर्ता आणि त्याचं क्रियापद आलं, तर मधे ‘दॅट’ किंवा ‘विच’ गाळलेलं आहे असं समजा. ते तिथे परत ठेवून बघा, वाक्य सुरळीत वाचता आलं की अंदाज बरोबर. असं गाळणं चालतं ते तो शब्द पुढच्या क्रियापदाचा कर्ता नसेल तेव्हाच. ‘द मॅन लिव्ज इन पंचवटी इज माय अंकल’ हे चूक, कारण तिथे ‘हू’ कर्ता आहे.

याच्या अगदी उलट प्रकार: कर्ता ढळढळीत दिसतो, पण काळ नाही. ‘द रेन हॅविंग स्टॉप्ड, वी स्टार्टेड.’ पाऊस हा कर्ता आहे, थांबणं ही क्रिया आहे, तरी ‘हॅविंग’ला काळ नाही. ही फ्रेज. जुन्या पद्धतीत तिला ॲब्सोल्यूट फ्रेज म्हणतात. सर्वनामाची कसोटी इथे दगा देते, कारण या रचनेत ‘ही हॅविंग गॉन’ असं ‘ही’सुद्धा चालतं. म्हणून दोन कसोट्या भांडल्या तर काळाच्या कसोटीचं ऐका. ‘व्हॉट टु डू’ आणि ‘व्हॉट आय शुड डू’ हीसुद्धा अशीच फसवी जोडी. पहिल्यात ‘टु डू’ला काळ नाही, फ्रेज. दुसऱ्यात ‘आय’ आणि ‘शुड’ आहेत, क्लॉज.

इथे एक गोष्ट मान्य करायला हवी. मी वर सांगितलेली विभागणी आपल्याकडच्या शालेय आणि स्पर्धा परीक्षांच्या परंपरेची आहे. इंग्रजीचे सगळे व्याकरणकार ती मानत नाहीत. क्वर्क, ग्रीनबॉम, लीच आणि स्वार्तविक यांच्या 1985 च्या मोठ्या व्याकरणात ‘वेटिंग अंडर द शेड’ किंवा ‘टु वॉक’ यांनाही क्लॉजच म्हटलंय, फक्त नॉनफायनाइट क्लॉज. ‘इफ नेसेसरी’सारख्या तुकड्याला, ज्यात क्रियापदच नाही, ते क्रियापदविरहित क्लॉज म्हणतात. म्हणजे नेटवर एका ठिकाणी फ्रेज आणि दुसऱ्या ठिकाणी क्लॉज असं उत्तर सापडलं, तर त्यातलं एक चूक असेलच असं नाही, शाळा वेगळी असेल. तुम्ही काय करायचं? पर्यायांत ‘नॉनफायनाइट क्लॉज’ हा शब्द कुठेच नसेल, तर पेपर जुन्या परंपरेचा आहे. तिथे ‘आयएनजी’, ‘टु’ आणि तिसऱ्या रूपाचे तुकडे फ्रेज धरा. इंग्रजी घेऊन बीए किंवा एमए करत असाल तर विभागात कोणतं पुस्तक चालतं ते आधी विचारून घ्या.

असाच मतभेद ‘ही फिनिश्ड द वर्क अँड वेंट होम’ या वाक्याबद्दल आहे. फायनाइट क्रियापदं दोन, कर्ता एकदाच. आपल्याकडे दुसऱ्या भागात ‘ही’ गृहीत धरून हे कंपाउंड (संयुक्त) वाक्य मानतात, दोन मेन क्लॉज. अमेरिकन शालेय व्याकरणात याला एका कर्त्याची दोन क्रियापदं म्हणून सिंपल (केवल) वाक्यच म्हणतात. इथल्या परीक्षेत पहिलं उत्तर लिहा.

आता सगळं एका वाक्यावर लावून दाखवतो. ‘व्हेन द रेन स्टॉप्ड, द फार्मर्स वेटिंग अंडर द शेड लोडेड द क्रेट्स दॅट हॅड बीन फिल्ड अर्ली इन द मॉर्निंग.’ पिंपळगाव बसवंतच्या बाजार समितीतलं दृश्य समजा. पेन्सिल घ्या आणि क्रियेचा वास येईल असा प्रत्येक शब्द गोल करा: स्टॉप्ड, वेटिंग, लोडेड, हॅड बीन फिल्ड. मग एकेकाला काळाची कसोटी लावा. सगळं वर्तमानकाळात नेलं तर ‘स्टॉप्ड’चं ‘स्टॉप्स’ होतं, ‘लोडेड’चं ‘लोड’, ‘हॅड’चं ‘हॅव’. ‘वेटिंग’ बदलत नाही, त्याच्यावर काट मारा. उरली तीन फायनाइट क्रियापदं, म्हणून क्लॉज तीन.

पुढे प्रत्येक क्रियापदाला ‘कोण?’ किंवा ‘काय?’ विचारून कर्ता शोधा. थांबला कोण? द रेन. लोड केलं कोणी? द फार्मर्स. भरले गेले काय? दॅट, म्हणजे क्रेट्स. मग जोडणारे शब्द मोजा. क्लॉजच्या संख्येपेक्षा जोडणारे शब्द एकने कमी असायला हवेत. इथे ‘व्हेन’ आणि ‘दॅट’, दोन. हिशोब जुळला. जोडणारा शब्द लागलेले दोन सबऑर्डिनेट, आणि ज्याला असा शब्द लागलेला नाही तो ‘द फार्मर्स लोडेड द क्रेट्स’ मेन. ‘वेटिंग अंडर द शेड’ ही शेतकऱ्यांचं वर्णन करणारी फ्रेज, ‘अर्ली इन द मॉर्निंग’ वेळ सांगणारी फ्रेज.

हिशोब जुळला नाही तर काय? ‘द मिसळ वी एट निअर सीबीएस वॉज सो हॉट दॅट ही कुड नॉट फिनिश इट’ घ्या. फायनाइट क्रियापदं: एट, वॉज, कुड. तीन क्लॉज, म्हणजे दोन जोडणारे शब्द हवेत, पण दिसतो एकच ‘दॅट’. एक गाळलाय. ‘मिसळ’ आणि ‘वी’ शेजारी-शेजारी आहेत, तिथेच तो आहे. हा हिशोब मला सगळ्यात उपयोगी वाटतो, कारण चूक झाली तर तो स्वतःच ओरडून सांगतो.

क्लॉज ओळखला की पुढचा प्रश्न त्याच्या प्रकाराचा येतो: नामवाक्य, विशेषणवाक्य की क्रियाविशेषणवाक्य. त्यासाठी पहिल्या शब्दावर विसंबू नका. ‘व्हेअर’चंच बघा. ‘आय नो व्हेअर ही लिव्ज’ यात अख्ख्या क्लॉजच्या जागी ‘इट’ किंवा ‘समथिंग’ ठेवता येतं, म्हणून नामवाक्य. ‘द हाउस व्हेअर ही लिव्ज इज ओल्ड’ यात तो ‘हाउस’ला चिकटून ‘कोणतं घर?’ याचं उत्तर देतो, म्हणून विशेषणवाक्य. ‘स्टे व्हेअर यू आर’ यात तो ‘कुठे थांब?’ याचं उत्तर देतो आणि मागे कोणतंही नाम नाही, म्हणून क्रियाविशेषणवाक्य. शब्द तोच, काम वेगळं. प्रकार कामावरून ठरतो. फ्रेजचे प्रकारही याच प्रश्नांनी निघतात, वेगळं काही शिकावं लागत नाही.

वाक्यरूपांतराचे प्रश्न, म्हणजे कॉम्प्लेक्सचं (मिश्र वाक्याचं) सिंपल करा किंवा उलट, ही याच ज्ञानाची मजुरी आहे. सिंपल करायचं म्हणजे सबऑर्डिनेट क्लॉजमधल्या क्रियापदाचा काळ काढून घ्यायचा. कॉम्प्लेक्स करायचं म्हणजे फ्रेजला तीन गोष्टी द्यायच्या: जोडणारा शब्द, कर्ता आणि काळ. ‘ही वॉज टू टायर्ड टु वॉक’ याचं ‘ही वॉज सो टायर्ड दॅट ही कुड नॉट वॉक’ होतं. ‘दॅट’ दिला, ‘ही’ दिला, ‘कुड’ दिला, आणि ‘टू’मध्ये दडलेला नकार ‘नॉट’ने उघडा केला. इथे बऱ्याच जणांचे गुण जातात ते ‘कॅनॉट’ लिहिल्याने. मूळ वाक्यात ‘वॉज’ आहे, तर नव्या क्लॉजलाही भूतकाळच द्यायला हवा.

सिंपल करताना होणारी चूक जास्त मजेशीर आहे. ‘व्हेन वी रीच्ड पंचवटी, द शॉप्स वेअर क्लोज्ड’ याचं ‘रीचिंग पंचवटी, द शॉप्स वेअर क्लोज्ड’ करतात. याचा अर्थ दुकानंच चालत पंचवटीला पोहोचली. वाक्याच्या सुरुवातीला एकट्या आलेल्या ‘आयएनजी’च्या फ्रेजचा कर्ता मेन क्लॉजच्या कर्त्यावरून घेतला जातो. मराठीत ‘-ल्यावर’ला हे बंधन नाही, ‘आम्ही पंचवटीला पोहोचल्यावर दुकानं बंद होती’ बिनदिक्कत चालतं. पण ‘-ऊन’ला आहे. ‘पंचवटीला पोहोचून दुकानं बंद होती’ असं कोणी म्हटलं तर लगेच खटकतं. इंग्रजीतली ही फ्रेज आपल्या ‘-ऊन’सारखी वागते. मनात ‘-ऊन’ लावून बघा आणि खटकलं तर रचना बदला: ‘ऑन रीचिंग पंचवटी, वी फाउंड द शॉप्स क्लोज्ड.’

शेवटचा मुद्दा लिहिण्यापुरता. मराठीत दोन्ही उपवाक्यांवर खूण असते: जर-तर, जरी-तरी, जेव्हा-तेव्हा. इंग्रजीत बहुधा एकाच बाजूला असते. म्हणून ‘ऑल्दो ही वॉज इल, बट ही केम’ हे चूक. दोन क्लॉज आणि जोडणारे शब्दही दोन, वरचा हिशोब लावला की एक जास्त झालेला लगेच दिसतो. ‘ऑल्दो’ ठेवा किंवा ‘बट’ ठेवा. ‘इफ’बरोबर ‘देन’ मात्र चालतं. आणि ‘बिकॉज आय वॉज इल.’ एवढंच लिहून पूर्णविराम देऊ नका. तो क्लॉज आहे, पण सबऑर्डिनेट. रजेच्या अर्जात त्याला मेन क्लॉज जोडावाच लागतो.

सरावासाठी इंग्रजी वर्तमानपत्रातल्या एका बातमीची पहिली दहा वाक्यं रोज पुरेत. फक्त फायनाइट क्रियापदांना गोल करायचं आणि समासात क्लॉजची संख्या लिहायची. प्रकार वगैरे पहिल्या आठवड्यात नकोच. मथळे मात्र घेऊ नका. त्यात ‘इज’ आणि ‘वॉज’ गाळलेले असतात, आणि ‘टू ट्रक्स सीझ्ड निअर द्वारका’मध्ये ‘सीझ्ड’ धातुसाधित दिसत असलं तरी खरं ते ‘वेअर सीझ्ड’ असतं. बातमीच्या आत गेल्यावर ते पूर्ण सापडेल. तुमच्या वहीसाठी एक वाक्य देतो: ‘द स्टुडंट्स टोल्ड टु वेट न्यू दॅट द बस दे हॅड बुक्ड वुड बी लेट.’ क्लॉज तीन आहेत. ‘टोल्ड’ फसवेल, आणि एक जोडणारा शब्द गाळलेला आहे.